टीव्हीवर जुना सिनेमा रवाळ दिसतोय? पिक्चर सेटिंग या क्रमाने करा

घरात ४३ किंवा ५५ इंची टीव्ही आला की पहिल्या आठवड्यातच ही तक्रार निघते. क्रिकेट झकास दिसतं, बातम्या स्वच्छ दिसतात, पण जुना सिनेमा लावला की पडदाभर बारीक दाणे वळवळत राहतात. आपल्याकडे याला सरसकट ‘मुंग्या येतात’ म्हणतात. मग दुकानात फोन जातो, डिशवाल्याला बोलावणं जातं, कुणी स्टॅबिलायझर घ्यायला सांगतं, कुणी टीव्हीच बदलून मागा म्हणतं. बहुतेक घरांत यातलं काहीच लागत नाही. रिमोट आणि एक निवांत संध्याकाळ पुरते.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. दाणे मूळ सिनेमातच असतात आणि टीव्ही ते आणखी ठळक करतो. म्हणून टीव्ही स्वतःहून जे वाढवतोय ते आधी काढायचं. दाणे पुसणारं नॉइज रिडक्शन सगळ्यात शेवटी लावायचं, तेही थोडंसंच. बहुतेकजण नेमकं उलट करतात. मेनूत नॉइज रिडक्शन सापडलं की ते थेट ‘हाय’वर नेतात. दाणे जातात, पण माणसांचे चेहरे मेणाचे दिसायला लागतात, आणि मूळ गडबड करणारा शार्पनेस, म्हणजे कडा टोकदार करणारी सेटिंग, आहे तिथेच राहतो.

हाताशी काय ठेवायचं

• रिमोट, चांगल्या सेलसह. मेनूत बराच वेळ फिरावं लागतं.
• टीव्हीचा मॉडेल नंबर. मागच्या स्टिकरवर असतो, किंवा सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ खाली. मेनूतली नावं मॉडेलगणिक बदलतात, त्यामुळे कंपनीच्या साइटवरचं माहितीपत्रक शोधायला हाच लागतो.
• मोबाइल. काहीही हलवण्याआधी प्रत्येक मेनूचा फोटो काढून ठेवा. बिनसलं तर परत जाता येतं.
• तपासणीसाठी एकच सिनेमा. त्यात तीन जागा शोधून वेळ लिहून ठेवा: दिवसाच्या उजेडातला जवळून दिसणारा चेहरा, मोकळं आभाळ किंवा साधी भिंत, आणि रात्रीचा प्रसंग. प्रत्येक बदलानंतर याच तीन जागा बघायच्या. दरवेळी वेगळा सिनेमा लावला तर काहीच कळणार नाही.
• एचडीएमआय केबल, जर तुमचा सेट-टॉप बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांवर चालत असेल तर.
• मोजायची टेप.

हे काम रात्री करा. उन्हाळ्यात दुपारी दार-खिडकीतून येणाऱ्या उजेडात सेटिंग केली तर तुम्ही सगळं भडक करून ठेवाल, आणि रात्री तेच डोळ्याला टोचेल.

१. दाणे कुठले आहेत ते ओळखा

सिनेमा थांबवा, म्हणजे पॉज करा, आणि पडद्याजवळ जाऊन बघा. चार प्रकार वेगळे काढता आले पाहिजेत, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

फिल्मचा दाणा सगळ्या चित्रभर सारखा पसरलेला असतो. आभाळ, भिंत, गाल अशा मध्यम उजेडाच्या जागी तो जास्त जाणवतो. पॉज केल्यावर थिजतो, चालू केल्यावर वळवळतो. फिल्मवर प्रकाशाला प्रतिसाद देणारे चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये डेव्हलप केल्यावर चांदीचेच कण उरतात. रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ठिपके राहतात. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, जातात आणि प्रत्येक चौकटीत हे कण वेगळ्या जागी असतात, म्हणून ते हलल्यासारखे दिसतात. कमी उजेडात शूटिंगसाठी वापरलेल्या जास्त संवेदनशील फिल्मचा दाणा जाडा असतो. १६ मिलिमीटर फिल्मची चौकट ३५ मिलिमीटरच्या चौथाईपेक्षाही लहान असते. ती तेवढ्याच पडद्यावर मोठी केली की दाणाही मोठा होतो. शिवाय निगेटिव्हवरून कॉपी, कॉपीवरून प्रिंट असं होत गेलं की दर पायरीला दाणा साठत जातो. थिएटरच्या प्रिंटवरून टीव्हीसाठी उतरवलेला सिनेमा त्यामुळे जास्त रवाळ दिसतो, आणि त्यात काळं जास्त काळं, पांढरं जास्त पांढरं दिसतं. यात टीव्हीचा दोष नाही.

कॅमेऱ्याचा नॉइज डिजिटल शूटिंगमध्ये येतो. तो मुख्यतः अंधाऱ्या भागात दिसतो आणि त्यात लाल-निळे-हिरवे ठिपके असतात. लग्नाचे व्हिडिओ, रात्रीच्या कार्यक्रमांचं चित्रण, मोबाइलवर काढलेल्या क्लिपा यांत हाच असतो.

कॉम्प्रेशनची घाण म्हणजे चौकोनी डब्बे, अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या कडेला घोंगावणारे ठिपके, आभाळात पायऱ्या-पायऱ्या. पॉज केल्यावर ही कडांना चिकटलेली दिसते, चित्रभर सारखी नसते. मोठ्या टीव्हीवरच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या अर्थाने याच असतात. कारण सोपं आहे. व्हिडिओ छोटा करणारं तंत्र मागच्या चौकटीत जे होतं ते पुढच्या चौकटीत परत वापरतं. दाणे दर चौकटीत बदलतात, त्यामुळे त्यांना परत वापरता येत नाही आणि प्रचंड डेटा लागतो. डेटा कमी दिला की दाण्यांचा चिखल होतो. रवाळ सिनेमा कमी डेटात पाहणं हे सगळ्यात वाईट मिश्रण.

चौथा प्रकार टीव्हीतलाच दोष. रिमोटवरून टीव्हीचा मेनू उघडा. मेनू टीव्ही स्वतः काढतो, तो डिशमधून किंवा अॅपमधून येत नाही. मेनूच्या सपाट भागातही ठिपके हलत असतील तर पॅनेल किंवा बोर्डची तक्रार आहे. तिथे सेटिंग करत बसू नका, वॉरंटीत कळवा. मेनू स्वच्छ असेल तर पुढे चला.

२. टीव्हीपर्यंत काय येतंय ते सुधारा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक सोडतात, आणि पुढे तासभर मेनूत घालवतात.

साध्या, म्हणजे एसडी चॅनेलचं चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. भागाकार केला तर बरोबर २० येतात. आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात, आणि त्या एका ठिपक्यात जो दाणा असेल तोही तेवढाच फुगतो. जुन्या २१ इंची पेटीवर तोच चॅनेल चांगला का दिसायचा याचं उत्तर यात आहे.

बॉक्स एचडी असेल तर तो एचडीएमआयनेच जोडा. तीन रंगांच्या पिनांमधली पिवळी पिन चित्राचे रंग आणि उजेड एकाच तारेत मिसळून पाठवते. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात, त्यात कडांवर रेंगाळणारे ठिपके वाढतात. एचडीएमआय जोडल्यावर बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत जाऊन आउटपुट १०८० करा. तो अनेकदा ५७६ वरच राहिलेला असतो. फ्री डिशच्या ज्या साध्या बॉक्सला एचडीएमआय नाहीच, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

डीडी फ्री डिशची छत्री वाऱ्या-वावटळीने हलली की चित्र फुटतं, अडकतं, डब्बे येतात. ती मुंग्यांची तक्रार नाही, पण एकदा तपासून घ्या. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मराठवाड्यातून छत्रीचं तोंड साधारण आग्नेयेला आणि क्षितिजापासून ६० अंशांच्या आसपास वर लागतं. त्या रेषेत दोन पावसाळ्यांत वाढलेली कडुलिंबाची फांदी येते आणि घरातले टीव्हीला दोष देत बसतात. बॉक्सच्या मेनूत ‘सिग्नल क्वालिटी’ बघा. ‘स्ट्रेंथ’ चांगली आणि ‘क्वालिटी’ कमी असेल तर छत्रीची दिशा किंवा वायरचा सांधा बघायचा.

अॅपवर बघत असाल तर वेग मोजा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी सेकंदाला किमान ५ मेगाबिट आणि फोर-केसाठी १५ मेगाबिट वेग सांगतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संध्याकाळी वेग पडतो आणि अॅप गुपचूप खालच्या दर्जावर उतरतं. अॅपच्या सेटिंगमध्ये ‘डेटा सेव्हर’ चालू राहिलेला असेल तर बंद करा.

मोबाइलचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवणारं मिररिंग सिनेमासाठी वापरू नका. त्यात आधीच दाबलेला व्हिडिओ मोबाइल पुन्हा एकदा दाबून पाठवतो. त्यापेक्षा टीव्हीवरच अॅप टाका, किंवा अॅपमधलं कास्टचं चिन्ह दाबा. मग टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ घेतो.

पेनड्राइव्हवरच्या फाइलचा हिशेबही करून बघा. अडीच तासांचा सिनेमा ७०० एमबीत बसवला असेल तर सेकंदाला जेमतेम ०.६ मेगाबिट मिळाले. अशा फाइलला कुठलीही सेटिंग वाचवू शकत नाही.

शेवटी चित्राचा आकार. जुना सिनेमा बऱ्याचदा जवळजवळ चौकोनी, ४:३ आकाराचा असतो. तो झूम करून पडदा भरला की चित्र एक तृतीयांशाने मोठं होतं, वरून-खालून कापलं जातं आणि दाणाही तेवढाच वाढतो. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. त्याच मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असतो, तो एचडी चित्रासाठी चालू करा. नाहीतर टीव्ही कडा थोड्या कापून चित्र ताणतो.

इथे खर्चाचे दोन सापळे आहेत. स्टॅबिलायझरने दाणे जात नाहीत. बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात आणि आतला पॉवर सप्लाय चढउतार सांभाळतो. वीज कडाडताना किंवा लाइट येता-जाता होणाऱ्या झटक्यापासून टीव्ही वाचवायचा असेल तर संरक्षणाचं साधन जरूर घ्या, पण चित्राच्या नावाखाली घेऊ नका. आणि महागडी एचडीएमआय केबल. केबल खराब असेल तर पांढऱ्या ठिणग्या उडतात किंवा चित्र जातं-येतं. चित्र नीट येत असेल तर दुप्पट किमतीच्या केबलने एकही दाणा कमी होणार नाही.

३. दुकानाचा मोड घालवा, सिनेमाचा मोड निवडा

सेटिंग केली आणि थोड्या वेळाने आपोआप बदलली, असं होत असेल तर टीव्ही दुकानात ठेवायच्या मोडमध्ये आहे. ‘स्टोअर मोड’, ‘रिटेल मोड’, ‘शॉप’ अशी नावं असतात. तो ‘होम’ करा. नाहीतर इथून पुढची सगळी मेहनत वाया.

मग पिक्चर मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. ‘विविड’ आणि ‘डायनॅमिक’ हे दुकानाच्या झगझगीत उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसण्यासाठी असतात. त्यांत शार्पनेस, काँट्रास्ट, रंग सगळं चढवलेलं असतं आणि दाणा सगळ्यात जास्त इथेच उसळतो. फिल्ममेकर मोड २०१९ साली यूएचडी अलायन्सने जाहीर केला. तो निवडला की शार्पनेस वाढवणं, नॉइज रिडक्शन आणि हालचाल गुळगुळीत करणं हे सगळं बंद होतं. तुमच्या टीव्हीत असेल तर निम्मं काम एका बटणात झालं.

पहिल्या दिवशी चित्र पिवळट आणि मंद वाटेल. ते दोन-तीन संध्याकाळी तसंच राहू द्या, डोळे सवयीने सरावतात. ‘कलर टेंपरेचर’ लगेच ‘कूल’वर नेलं की निळसर पांढऱ्यावर दाणा पुन्हा टोचायला लागतो.

सेटिंग करेपर्यंत खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर आणि वीज वाचवणारा ‘इको’ मोड बंद ठेवा. नाहीतर तुम्ही एक बदल करता आणि टीव्ही दुसरा.

४. शार्पनेस: खरा फरक इथे पडतो

शार्पनेस वाढवल्याने चित्रात नवीन तपशील येत नाही. टीव्ही फक्त जिथे उजेड-अंधार शेजारी आहेत तिथला फरक वाढवतो. दाण्याची तर सगळी रचनाच उजेड-अंधार शेजारी-शेजारी अशी आहे. त्यामुळे शार्पनेस चढवला की सगळ्यात आधी दाणाच टोकदार होतो. बऱ्याच घरांत एवढी एक सेटिंग उतरवल्यावर तक्रार संपते.

आकडा सगळ्या टीव्हींना एकच नसतो, म्हणून डोळ्याने ठरवा:

क) आभाळासमोर झाडाची फांदी, विजेची तार किंवा सपाट रंगावर अक्षरं असलेलं दृश्य पॉज करा.
ख) शार्पनेस शून्यावर न्या. चित्र मऊ दिसेल.
ग) एकेक आकडा वाढवत चला. तारेच्या किंवा अक्षराच्या दोन्ही बाजूंना पांढरी बारीक रेघ दिसू लागली की थांबा.
घ) तिथून दोन-तीन पावलं मागे या.

सोनीच्या ब्राव्हिया टीव्हीत ५० म्हणजे न वाढवलेलं, न घटवलेलं चित्र. ५० च्या खाली गेलात तर टीव्ही मुद्दाम पुसट करतो. फार दाणेदार सिनेमासाठी ४५ पर्यंत उतरायला हरकत नाही. इतर अनेक टीव्हींत तो बिंदू शून्यावर किंवा शून्याच्या जवळपास असतो. शेजाऱ्याच्या टीव्हीचा आकडा आपल्या टीव्हीत टाकू नका, पट्टीच वेगळी असते.

शार्पनेस उतरवूनही चित्र टोकदारच वाटत असेल तर त्याचे भाऊबंद शोधा. एलजीत ‘सुपर रेझोल्यूशन’, सोनीत ‘रिअॅलिटी क्रिएशन’, इतरत्र ‘डिटेल एन्हान्सर’, ‘एज एन्हान्सर’, ‘एआय पिक्चर’. हे सगळे चित्रातला बारकावा शोधून उठाव देतात, आणि दाणा हा त्यांना बारकावाच वाटतो. जुन्या सिनेमासाठी बंद करा. एसडी चॅनेल फारच पुसट वाटत असेल तर त्या एका इनपुटवर सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा.

५. काँट्रास्ट, काळा रंग आणि गॅमा

रात्रीच्या प्रसंगात दाणा उसळत असेल तर कारण इथे असतं. दिग्दर्शकाने जे अंधारात ठेवलं ते टीव्ही उजेडात आणू पाहतो, आणि अंधारात दडलेले दाणेही सोबत वर येतात.

आधी ‘डायनॅमिक काँट्रास्ट’, ‘काँट्रास्ट एन्हान्सर’, ‘अॅडव्हान्स्ड काँट्रास्ट’, ‘ब्लॅक अॅडजस्ट’ यांतलं जे असेल ते बंद करा. दृश्य बदललं की आभाळातला दाणा कमी-जास्त होताना दिसतो तो यांच्यामुळे.

मग काळा रंग लावा. नावांचा गोंधळ इथे फार आहे. सोनीत ‘ब्राइटनेस’ म्हणजे पडद्याचा एकूण उजेड आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’. एलजीत उजेडासाठी ‘बॅकलाइट’ किंवा ‘ओएलईडी लाइट’ असतो आणि ‘ब्राइटनेस’ काळ्यावर चालतो. सॅमसंगच्या नव्या टीव्हींत ‘ब्राइटनेस’ एकूण उजेडाचा आणि काळ्या भागासाठी ‘शॅडो डिटेल’. नाव विसरा आणि परिणाम बघा. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा रात्री दिवा बंद करून लावा. सेटिंग वाढवत न्या, पट्ट्या राखाडी होतील. मग कमी करत या आणि पट्ट्या नुकत्याच काळ्या झाल्या तिथे थांबा. काळ्या केसांच्या बटा आणि काळ्या कोटाच्या घड्या अजून दिसायला हव्यात. त्या गायब झाल्या असतील तर तुम्ही एक-दोन पावलं जास्त खाली गेलात.

बॉक्स किंवा प्लेअर एचडीएमआयवर असेल आणि काळा रंग कशानेच काळा होत नसेल, तर ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ तपासा. बॉक्स एक पट्टी पाठवतो आणि टीव्ही दुसरी समजतो, मग सगळ्या चित्रावर राखाडी धुकं येतं आणि त्यात दाणे स्पष्ट दिसतात. ‘ऑटो’ ठेवा. जमलं नाही तर दोन्हीकडे ‘लिमिटेड’ किंवा ‘लो’.

गॅमा म्हणजे मधल्या छटा किती गडद दिसतील ते ठरवणारी सेटिंग. तिचा आकडा २.२ असेल तर अंधाऱ्या खोलीत २.४ करून बघा. मधले काळपट भाग थोडे खाली जातात आणि दाणा शांत होतो. दिवसा उजेडात मात्र २.२ च बरा. रात्री बॅकलाइटही उतरवा. अंधाऱ्या खोलीत पूर्ण बॅकलाइटवर डोळ्याला प्रत्येक ठिपका जाणवतो.

६. आता नॉइज रिडक्शन, आणि बेताने

इथपर्यंत आल्यावर तपासणीच्या तिन्ही जागा पुन्हा बघा. दाणा सुसह्य झाला असेल तर ही पायरी सोडून द्या. अजूनही त्रास होत असेल तर पुढे वाचा.

मेनूत साधारण दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘नॉइज रिडक्शन’, सोनीत ‘रँडम नॉइज रिडक्शन’, जुन्या सॅमसंगमध्ये ‘डिजिटल क्लीन व्ह्यू’, ही दाण्यांवर चालते. ‘एमपीईजी नॉइज रिडक्शन’, सोनीत ‘डिजिटल नॉइज रिडक्शन’, ही डब्ब्यांवर आणि कडेच्या घोंगावणाऱ्या ठिपक्यांवर चालते. पहिल्या पायरीत तुम्ही जे ओळखलं ते इथे कामाला येतं. एचडी अॅपवरचा रवाळ सिनेमा असेल तर पहिली ‘लो’, दुसरी बंद. केबल किंवा फ्री डिशवरचा एसडी सिनेमा असेल तर दुसरी ‘लो’ किंवा ‘मीडियम’, आणि गरज पडली तरच पहिली ‘लो’. दोन्ही एकाच वेळी हलवू नका. एक बदला, तिन्ही जागा बघा, मग दुसरी. ‘ऑटो’ काही टीव्हींत बरं चालतं, पण तो दृश्यागणिक कमी-जास्त होतो आणि ते डोळ्याला कळतं.

नॉइज रिडक्शन दोन पद्धतींनी काम करतं. एकात शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात, त्याने बारकावा जातो. दुसऱ्यात मागच्या-पुढच्या चौकटींची सरासरी काढतात, त्याने हलणाऱ्या वस्तूमागे पुसट सावली ओढली जाते. ‘हाय’वर नेलं की दोन्ही दोष उघडे पडतात. ते या ठिकाणी शोधा:

• चेहरा. गालावरची सुरकुती, दाढीचे खुंट, कपाळावरचा घाम दिसतोय का? गाल प्लास्टिकसारखा झाला असेल तर एक पायरी खाली.
• कापड. लुगड्याचं पोत, पैठणीच्या काठातली जर, धोतराच्या चुण्या. सपाट रंग दिसायला लागले तर जास्त झालं.
• शेत. उभ्या ज्वारीच्या लांबच्या दृश्यात कणसं वेगळी दिसायला हवीत. हिरवा लगदा झाला असेल तर बंदच करा.
• पाऊस आणि धूळ. बैलगाडीमागे उडणारा फुफाटा, पावसाच्या रेघा, शेकोटीचा धूर. बारीक, विस्कळीत आणि दर चौकटीत बदलणारं असं हे सगळं टीव्हीला दाण्यासारखंच वाटतं आणि तो तेही पुसतो. गावाकडचं चित्रण असलेल्या सिनेमात हे नुकसान मोठं आहे. दोन दाणे सहन करा, पण पाऊस घालवू नका.
• धावणारा माणूस किंवा हलणारा हात. मागे सावली ओढली जात असेल तर पायरी कमी.

‘स्मूथ ग्रेडेशन’ हे तिसरं नाव कधी दिसतं. ते आभाळातल्या पायऱ्या मिटवतं. रवाळ सिनेमात फारशी गरज नसते, कारण दाणे स्वतःच त्या पायऱ्या झाकतात. जास्तीत जास्त ‘लो’.

चांगल्या स्थितीतल्या निगेटिव्हवरून नीट जतन केलेला, फोर-केमध्ये आलेला जुना सिनेमा बघत असाल तर नॉइज रिडक्शन पूर्ण बंद ठेवा, ही माझी आग्रहाची सूचना. ज्यांनी एकेक चौकट साफ केली, त्यांनी ओरखडे आणि डाग काढले आणि दाणा समजून-उमजून ठेवला. तो काढला की चेहऱ्याचा जिवंतपणा जातो, आणि ते नुकसान भरून काढणारी सेटिंग टीव्हीत नाही.

७. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा

‘मोशनफ्लो’, ‘ट्रूमोशन’, ‘ऑटो मोशन प्लस’, ‘पिक्चर क्लॅरिटी’, ‘एमईएमसी’, कंपनीगणिक नावं वेगळी. टीव्ही दोन चौकटींच्या मधली चौकट स्वतः तयार करून घालतो. दाण्यांची हालचाल बेशिस्त असते, तिचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे माणसाच्या कडेभोवती दाणे वाहत गेल्यासारखे दिसतात. सिनेमासाठी बंद. सोनीत ‘सिनेमोशन’ आणि एलजीत ‘रिअल सिनेमा’ मात्र चालू ठेवा. त्या मधल्या चौकटी बनवत नाहीत, २४ चौकटींचा सिनेमा नीट क्रमाने दाखवतात.

८. प्रत्येक इनपुटला वेगळं करा

लोक इथे हमखास फसतात. बऱ्याच टीव्हींत सेटिंग इनपुटप्रमाणे आणि मोडप्रमाणे वेगळी साठते. सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआय १ वर केलेली सेटिंग नेटफ्लिक्सला लागू होईलच असं नाही. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राची सेटिंग तर आणखी वेगळी असते, आणि ती फक्त तसं चित्र चालू असतानाच मेनूत दिसते. ‘अप्लाय टू ऑल इनपुट्स’ असा पर्याय असला तरी तो सरसकट वापरू नका, कारण फ्री डिशला जे लागतं ते फोर-केला मारक ठरतं.

घरात भांडण नको असेल तर मोड वाटून टाका. ‘सिनेमा’ मोड जुन्या सिनेमांसाठी वर सांगितल्याप्रमाणे. ‘स्टँडर्ड’ मोड मालिका, बातम्या आणि क्रिकेटसाठी, त्यात हालचालीची सोय आणि थोडा जास्त उजेड राहू द्या. ज्येष्ठांना दोनच बटणं शिकवावी लागतात.

९. बसायचं अंतर

टेप इथे लागते. जुन्या एसडी चित्रासाठी पडद्याच्या उंचीच्या सहापट आणि फुल एचडीसाठी तिप्पट अंतर हा जुना आणि भरवशाचा हिशेब आहे.

• ३२ इंची: उंची सुमारे ४० सेंटिमीटर. एचडीसाठी ४ फूट, एसडीसाठी ८ फूट.
• ४३ इंची: उंची सुमारे ५४ सेंटिमीटर. एचडीसाठी सव्वापाच फूट, एसडीसाठी साडेदहा फूट.
• ५५ इंची: उंची सुमारे ६८ सेंटिमीटर. एचडीसाठी पावणेसात फूट, एसडीसाठी साडेतेरा फूट.

दहा बाय बाराच्या खोलीत ५५ इंची टीव्ही लावून त्यावर फ्री डिशचे सिनेमे बघायचे असतील तर दाणे दिसणारच. टीव्ही अजून घ्यायचा असेल तर हा हिशेब दुकानात जाण्याआधी करा. तो आलेलाच असेल तर खुर्ची मागच्या भिंतीला लावा. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवला, पडद्यावर उजेड न पडेल असा, तरी डोळ्यावरचा ताण कमी होतो आणि अंधाऱ्या दृश्यांतले ठिपके कमी टोचतात.

१०. लिहून ठेवा

शेवटच्या सेटिंगचे फोटो मोबाइलमध्ये इनपुटच्या नावाने ठेवा, किंवा टीव्हीच्या पावतीसोबत एका कागदावर लिहा: इनपुट, मोड, शार्पनेस, काळा, गॅमा, दोन्ही नॉइज रिडक्शन, मोशन. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की काही वेळा मोड मूळपदावर जातो किंवा ‘एआय पिक्चर’सारखी नवी सोय आपोआप चालू होते. दाणे अचानक वाढल्यासारखे वाटले तर छत्रीवर चढायच्या आधी हा कागद काढून एकेक ओळ ताडून बघा.